संगणकाचा ताप, दाणाभर लेप

आपल्या वर्ध्याचा मे महिना म्हणजे पारा ४५ अंशांच्या घरात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरचा संगणक दर दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडू लागला. मुलीच्या प्रवेशअर्जाची मुदत दोन दिवसांवर. जो तो म्हणे, "नवाच घ्या." उघडून पाहिले, तर पंखा धुळीने माखलेला आणि प्रोसेसरवरचा लेप वाळून खपली झालेला.

प्रोसेसर चालताना तापतो. वर बसवलेला हीटसिंक नावाचा धातूचा ठोकळा ती उष्णता ओढून घेतो आणि पंखा ती बाहेर टाकतो. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसले, तरी त्यांत बारीक खाचा असतात. त्यांत हवा राहते आणि हवेतून उष्णता नीट जात नाही. पेरणीनंतर माती दाबली नाही, तर बियाण्याला ओल मिळत नाही, तसेच हे. लेप ती पोकळी भरून काढतो.

प्रथम वीज तोडावी. धूळ झाडावी. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सुकू द्यावे. मधोमध तुरीच्या दाण्याएवढा नवा लेप ठेवावा. ठोकळा सरळ बसवून समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळावेत.

जादा युरिया टाकू नका, असे जन्मभर सांगणाऱ्या मीच पहिल्या खेपेस लेप सढळ हाताने थापला! जाड थर उलट उष्णता अडवतो. पुसून पुन्हा लावला. अर्ज मुदतीत गेला.

तेव्हा नव्या संगणकासाठी कर्ज काढण्याआधी जुन्याचा ताप तपासावा.