लघुपटांचा रसास्वाद

कोणत्याही कलाकृतीची थोरवी तिच्या लांबीवरून ठरवू नये, हे तत्त्व वाङ्मयाच्या प्रांतात आपण केव्हाच मान्य केले आहे. कादंबरीपुढे लघुकथा ठेंगणी आहे असे कोणी म्हणत नाही. तीन अंकी नाटकाच्या मानाने एकांकिका उणी आहे असेही कोणी मानीत नाही. मात्र चित्रपटाचा प्रश्न आला की आपली दृष्टी पालटते. तीन तास चालतो तो चित्रपट, आणि वीस मिनिटांत संपतो तो वेळ घालविण्याचा खेळ, अशी समजूत आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातही आढळते. ही समजूत चुकीची आहे. इतकेच नव्हे, तर ती आपल्या हिताचीही नाही, असे आमचे नम्र मत आहे.

वस्तुतः चित्रपट जन्मला तोच लघुपट म्हणून. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची जी चलच्चित्रे दाखविण्यात आली, ती प्रत्येकी जेमतेम मिनिटभराची होती. १८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी मुंबईत एका कुस्तीचे चित्रण केले. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला हे सर्व जाणतात. परंतु त्यापूर्वी, १९१२ साली, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविणारा एक चिमुकला चित्रपट केला होता, हे थोड्यांनाच ठाऊक असते. दाणा पेरून दिवसामागून दिवस ते त्याचे एकेक चित्र घेत राहिले, आणि पडद्यावर पाहता पाहता अंकुराचा वेल झाला. या चित्राच्या बळावरच त्यांना पुढील कार्यासाठी भांडवल मिळाले. भारतीय चित्रसृष्टीचा वृक्ष असा वाटाण्याच्या दाण्यातून उगवला आहे!

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन ही सरकारी संस्था निघाली. तिचे वृत्तपट व माहितीपट मुख्य चित्रपटाआधी दाखविणे चित्रपटगृहांना कित्येक वर्षे बंधनकारक होते. पण त्या वेळी प्रेक्षक आपली खुर्ची शोधण्यात आणि शेंगदाण्याची पुडी सोडण्यात दंग असत! मुंबईत १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपट यांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरू लागला, तेव्हा या प्रकाराला स्वतःचे मानाचे पान मिळाले.

लघुपट म्हणजे मोठ्या चित्रपटाचा तोडलेला तुकडा नव्हे. नागराज मंजुळे यांचा ‘पावसाचा निबंध’ पाहा. शाळेत पावसावर निबंध लिहावयास सांगितला आहे, आणि घरी तोच पाऊस छपरातून गळत आहे. एवढेच बीज, परंतु ज्या पावसाला आपण निबंधात ‘रम्य’ म्हणून मोकळे होतो, तो गरिबाच्या झोपडीत कसा शिरतो हे पाहिल्यावर पुन्हा तो शब्द लिहिताना लेखणी अडखळते. २०१७ च्या चित्रपटांसाठी झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथाबाह्य विभागातील उत्कृष्ट दिग्दर्शनाचा मान या लघुपटास मिळाला. त्यांचाच ‘पिस्तुल्या’ शाळेची ओढ लागलेल्या एका वंचित मुलाची व्यथा सांगतो. लघुपटात उपकथानक नाही, गाण्यांची भरती नाही. म्हणून प्रत्येक क्षणाला आपले वजन असते.

आता एकत्र गुंफलेल्या लघुपटांचा विचार करू. सत्यजित राय यांनी १९६१ साली, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांच्या तीन कथांवर ‘तीन कन्या’ केला. परदेशात मात्र तो प्रथम एक कथा गाळून, दोनच कथांचा म्हणून दाखविला गेला. मराठीत २०१५ साली ‘बायोस्कोप’ आला. गजेंद्र अहिरे, विजू माने, गिरीश मोहिते आणि रवी जाधव या चार दिग्दर्शकांनी चार कवितांवरून केलेले चार लघुपट त्यात एकत्र आहेत. कोणी आक्षेप घेईल की, अशा संग्रहात एक चित्र दुसऱ्यास झाकून टाकते, आणि रसिकाचे मन एका भावात स्थिरावते न स्थिरावते तोच त्यास दुसरीकडे ओढले जाते. आक्षेपात तथ्य आहे. परंतु दिवाळी अंक आपण असाच वाचतो ना? कथेनंतर कविता, कवितेनंतर लेख, आणि मध्ये थोडा विसावा. निवड चोखंदळ असली, क्रम विचारपूर्वक लावलेला असला, आणि वाचक अधाशी नसला, म्हणजे एकाच्या शेजारी दुसरे अधिक खुलते. हे वार्षिक तरी दुसरे काय आहे?

हा विषय आम्हांस जिव्हाळ्याचा वाटतो, त्याचे कारण अगदी जवळचे आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते, आणि तिची मिनिट-दोन मिनिटांची चित्रे देशभर फिरतात. ते दगड खोटे नाहीत. जखमा आणि मृत्यूही खोटे नाहीत. पण तेवढेच आपले जीवन आहे काय? २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, तरी बाहेरच्या जगाला आपली ओळख त्या दगडांचीच. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकणारे हात त्या चित्रांत नसतात. ‘बायोस्कोप’मधील ‘बैल’ हा लघुपट लोकनाथ यशवंत यांच्या कवितेवरून निघाला. शेतकऱ्याची विवंचना त्याने थांबून पाहिली. घाईने टिपलेले दृश्य आणि थांबून पाहिलेले दृश्य यांत हाच भेद आहे. दोन्हींची लांबी सारखीच तोकडी असेल. दृष्टी सारखी नसते.

म्हणून आमची सूचना अशी. शाळेने महिन्यातून एकदा तीन निवडक लघुपट दाखवावेत. प्रत्येकानंतर दिवे लावून पाच मिनिटे स्वस्थ बसावे, आणि काय दिसले, काय मुद्दाम दाखविले नाही, यावर चार ओळी लिहाव्यात. पालकांनीही यावे. आणि विद्यार्थिमित्रांनो, पाहण्याची सवय लागली म्हणजे करण्याचीही हिंमत येते. आपल्या संत्र्याच्या बागांना पाणी तोडून ताण देतात; मग पाणी सोडले की झाड फुलांनी बहरते. फाळक्यांनी वाटाण्याचे केले, ते आपण संत्र्याच्या एका फांदीचे करून पाहावे. त्यांच्याजवळ विलायतेहून आणलेला कॅमेरा होता. आज घरोघरी मोबाइल आहे. उणीव आहे ती रोज त्याच फांदीपाशी, त्याच वेळी जाऊन उभे राहण्याच्या चिकाटीची.

आपले चित्र इतरांनी घाईने काढले, अशी तक्रार करण्याचा अधिकार ते स्वतः सावकाश काढणाऱ्यालाच शोभतो. ते चित्र आमच्या शाळेतील कोणीतरी काढावे, एवढीच आमची इच्छा आहे.