समन्स कोणाच्या हाती?



केळीची तोडणी आटोपून परवा सायंकाळी एक वयस्क शेतकरी आम्हांकडे आले. मागे एकदा त्यांची ट्रॉली भर रस्त्यात उभी राहिली व वाहतूक अडली. त्यावरून खटला झाला. न्यायालयाचे समन्स धाकट्या मुलाच्या मोबाईलवर आठ दिवस पडून होते. मुलगा कामासाठी रावेरास राहतो. अनोळखी क्रमांकाचा संदेश म्हणून त्याने तो उघडलाच नव्हता. "फादर, घरी शिपाई आला नाही, हाती कागद पडला नाही, मग आम्हांला बोलावले असे कसे म्हणावे?" असा त्यांचा प्रश्न.

हा प्रश्न उद्या कोणत्याही घरी उभा राहील, म्हणून त्याचा येथे विचार करतो.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली. न्यायालयाच्या मोहरेची प्रतिमा अथवा डिजिटल सही असलेले समन्स तिच्या अन्वये मोबाईल वा ई-मेलद्वारे पाठविता येते, व ते रीतसर बजावले गेले असे मानले जाते. त्याची रीत राज्यांनी ठरवावयाची. मध्य प्रदेशाने आपले नियम २०२४ सालीच केले.

यात लोकांची सोय आहे, हे मान्य केलेच पाहिजे. शिपायाची वाट पाहण्यात तारखांमागून तारखा जात, त्या वाचतील. घरधनी न सापडल्यास पूर्वी समन्स घरातील प्रौढ पुरुषाकडेच देता येई. आता घरातील प्रौढ स्त्रीही ते स्वीकारू शकते. ज्या अपराधास केवळ पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे, अशा किरकोळ खटल्यात गुन्हा लेखी कबूल करून समन्समध्ये नमूद केलेला दंड टपालाने वा माणसाकरवी पाठविण्याचीही मुभा असते. मात्र असा दंड भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे होय. कटकट टळावी एवढ्यासाठी न केलेला अपराध कोणी पदरात घेऊ नये.

परंतु यंत्रात पोहोचलेले प्रत्येक वेळी माणसापर्यंत पोहोचतेच असे नाही. आपल्या खेड्यांत एकाच मोबाईलवर अख्खे घर चालते. तो बहुधा मुलाच्या खिशात असतो, आणि मुलगा परगावी. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये याच बाबतीत एक भेद स्पष्ट केला. चौकशीस हजर राहण्याची जी नोटीस पोलीस काढतात, ती व्हॉट्सॲपवर पाठवून भागणार नाही. ती न पाळल्यास अटक होऊ शकते, म्हणजे तेथे माणसाचे स्वातंत्र्यच पणास लागलेले असते. हरियाणा सरकारने हा आदेश बदलून मागितला. तीही विनंती त्याच वर्षी जुलैमध्ये अमान्य झाली. न्यायालयाच्या समन्सची गोष्ट निराळी. त्यास कायद्यानेच ही वाट मोकळी केली आहे.

म्हणून सावधगिरी आपणच बाळगावी. पोलीस ठाण्यात वा न्यायालयात पत्ता व मोबाईल क्रमांक नोंदविण्याची वही ठेवण्याची तरतूद कायद्यात आहे. तेथे व वाहनाच्या कागदपत्रांत आपला चालू क्रमांकच द्यावा, व बदलल्यास कळवावा. दुसरे असे की, खोट्या चलनाचे संदेश पाठवून लोकांस लुबाडणारे पुष्कळ झाले आहेत. संदेशासोबत आलेली फाईल मोबाईलमध्ये उतरवून घेतली की बँकेतील पैसा जातो. तेव्हा संदेशातील दुव्यास हात न लावता सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर, किंवा न्यायालयाच्या कचेरीत जाऊन, खरेखोटे पाहावे.

त्या काकांस आम्ही एवढेच म्हणालो, "तारीख अजून गेलेली नाही. समन्स बजावल्यावर सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिल्यास वॉरंट निघू शकते. उद्याच वकिलास भेटा. आठ दिवस कसे गेले तेही सांगा. ते लपविण्यासारखे नाही."

दुसऱ्या दिवशी ते बुऱ्हाणपुरास गेले. मुलगाही रावेराहून आला. दंड भरावा की बाजू मांडावी, हे आता बाप-लेक वकिलाच्या सल्ल्याने ठरवीत आहेत. निर्णय काहीही होवो, तो त्यांनी समजून-उमजून केलेला असेल.

शिपाई दारी येई तेव्हा सारे घर गोळा होई. आता कागद मुकाट्याने खिशात येतो. निदान रात्री जेवणाच्या वेळी तरी मुलांनी आईबापांस विचारावे, "आज तुमच्या नावाने काही आले आहे, वाचून दाखवू?" परगावी असणाऱ्यांनी तेच फोनवरून सांगावे.