पेपरच्या आदल्या रात्री मागायचं काय?

परीक्षा जवळ आल्या की चॅपेलमधल्या मेणबत्त्या वाढतात. यात हसण्यासारखं काही नाही. भीती वाटली की माणूस देवाकडे जातोच. पण तिथे जाऊन आपण मागतो काय?

परीक्षार्थींचा संत म्हणून आपण कुपर्तिनोच्या संत जोसेफला (१६०३–१६६३) हाक मारतो. अभ्यासात तो फार कच्चा. जो एकच उतारा त्याला नीट समजावता यायचा, नेमका तोच बिशपनी विचारला, असं सांगतात. गोष्ट गोड आहे, पण आपण तिच्यातून फक्त त्याचं ‘लक’ उचलतो. ‘मला येतं तेच पेपरात येऊ दे’ हा तर सरळ सौदा झाला. आणि शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला तेच येत नसेल तर?

गेथशेमाने बागेत येशूनेही मागितलं होतं, की हा प्याला टळू दे. त्याने भीती लपवली नाही, पण शेवट पित्याच्या इच्छेवर सोडला. प्याला टळला नाही. लूकच्या शुभवर्तमानात मात्र दूत येऊन त्याला बळ देतो.

मला वाटतं, आपणही तेवढंच मागावं. ‘भीती वाटतेय’ हे देवाला स्पष्ट सांगावं, बळ मागावं, मैत्रिणीचंही नाव घ्यावं आणि पुस्तक उघडावं. निकालाच्या दिवशी, मार्क कितीही पडोत, हीच प्रार्थना पुन्हा म्हणता आली तर ती श्रद्धेने केली होती असं समजायला हरकत नाही.