गाठ मानेवरची, नोंद कागदावरची

मानेवर गाठी घेऊन येणारा रुग्ण आपणा वैद्यांस नवा नाही. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचा एकत्र विचार केला आहे. शार्ङ्गधरोक्त कांचनार गुग्गुळ तर आपल्या नित्य वापरातला. प्रश्न औषधाचा नाही. केसपेपरवर निदान म्हणून आपण काय लिहितो, याचा आहे.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाकडे चोवीस वर्षांचा एक विद्यार्थी आला. मानेच्या तळाशी वेदनारहित, रबरासारख्या लागणाऱ्या गाठी होत्या. ‘अपची’ असे लिहून तीन महिने चिकित्सा केली. दरम्यान ज्वर, रात्री कपडे भिजविणारा स्वेद आणि भारक्षय वाढत गेला. मी ती लक्षणे धातुक्षयात बसविली. अखेर गाठ काढून तपासली, तेव्हा नोड्युलर स्क्लेरोसिस प्रकारचा हॉजकिन लिंफोमा निघाला. रुग्ण पुढे केमोथेरपीने बरा झाला. पण ते तीन महिने माझ्या लेखणीने घालविले. एकदा ‘अपची’ लिहिल्यावर मी पुढे शोधच थांबविला होता.

थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये वर्णिलेल्या या व्याधीची ओळख सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रीड-स्टर्नबर्ग पेशींवरून पटते. नोड्युलर स्क्लेरोसिस प्रकारात तंतुमय पट्टे लसीकाग्रंथीचे लहान लहान गोलकांत विभाजन करतात. हा प्रकार तरुणांत विशेष आढळतो. मानेबरोबर छातीच्या मध्यभागातील ग्रंथीही वाढतात. ग्रंथीची रचना पाहावयाची असल्याने सुईने घेतलेला नमुना बहुधा अपुरा पडतो. गाठ काढूनच तपासणे उत्तम. वेळेवर निदान झाल्यास बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. म्हणूनच येथील विलंब अक्षम्य ठरतो.

आता संकेतांकांविषयी. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत हॉजकिन लिंफोमास ‘सी ८१’ हा गट दिला आहे. नोड्युलर स्क्लेरोसिस म्हणजे सी ८१.१, मिश्रपेशीय प्रकार सी ८१.२, आणि प्रकार अनिर्दिष्ट असल्यास सी ८१.९. हे अंक ऊतिपरीक्षणाच्या अहवालावरच उभे राहतात. केवळ संशयावरून ते लिहू नयेत. त्याचप्रमाणे परीक्षणाविना लसीकाग्रंथींच्या क्षयाचा ए १८.२ हा अंकही लिहू नये. आपल्या देशात मानेची गाठ म्हणजे क्षय असे गृहीत धरून क्षयाची औषधे सुरू होतात आणि त्याखाली लिंफोमा दडून राहतो. निदान होईपर्यंत ‘स्थानिक लसीकाग्रंथिवृद्धी’ एवढाच आर ५९.० हा अंक प्रामाणिक होय. तो शोध अपुरा असल्याची आठवण देतो.

काही वैद्यबंधू विचारतील, हे परके अंक आम्ही का स्वीकारावेत? उत्तर असे की, परकेपणा आता उरलेला नाही. आयुष मंत्रालयाचे नमस्ते पोर्टल २०१७ पासून आपल्या व्याधिनामांस संकेतांक देत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांचा विभाग जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आधुनिक निदानाच्या अंकास जोड म्हणून योजला आहे, पर्याय म्हणून नव्हे. त्यामुळे अपचीची नोंद अवश्य करावी. शेजारी दुसरा रकाना मात्र रिकामा सोडू नये. कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ पासून आणि बार्शीच्या ग्रामीण भागात १९८७ पासून चालू आहे. आपल्या कागदावर केवळ ‘अपची’ राहिली, तर असा रुग्ण या मोजणीत येणार तरी कसा?

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. ‘गाठींवर काहीतरी द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकास दुसऱ्यांदा डबी देण्यापूर्वी गाठ किती दिवसांची, हे विचारावे. महिना उलटला असेल तर वैद्याकडे धाडावे. कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने निषिद्ध आहे, हेही स्मरणात असावे.

शास्त्राचा अभिमान आपणा सर्वांस आहे. तथापि रोगाची परीक्षा आधी आणि औषध नंतर, हा क्रमही आपल्याच शास्त्राने घालून दिला आहे. अचूक नोंद हा त्या परीक्षेचाच भाग होय.