सहीचे पैसे

निपाणीहून अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयाकडे जाणारा विद्यार्थी कर्नाटकातून महाराष्ट्रात नेमका कोठे शिरला, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. भाषा तीच, चहाची टपरी तीच, रस्त्यावरची धूळही तीच. फरक दिसतो तो विजेच्या बिलावर. अलीकडच्या घराला हेस्कॉमचा पुरवठा आणि पलीकडच्या घराला महावितरणचा. घरातील तारजोडणी करणाऱ्या ठेकेदाराचा परवानाही अलीकडे एका सरकारचा, पलीकडे दुसऱ्याचा.

महाविद्यालय आले की विद्यार्थी येतात, आणि विद्यार्थी आले की त्यांना राहावयास खोल्या लागतात. ज्याच्यापाशी घराशेजारी चार हात जागा मोकळी आहे, तो तेथे दोन खोल्या उभ्या करून भाड्याने देतो. यात वावगे काही नाही. शेतीच्या बेभरवशाच्या उत्पन्नाला तेवढाच आधार होतो. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबानेही तेच केले. हद्दीच्या कोणत्या बाजूला, ते सांगण्याचे कारण नाही. कारण पुढे जे घडले ते दोन्हीकडे घडू शकते.

विजेच्या कामासाठी त्यांच्यापुढे दोन अंदाजपत्रके आली. एक परवानाधारक ठेकेदाराचे. दुसरे गावातल्याच एका हुशार, कष्टाळू मुलाचे. हात चांगला, पण परवाना नाही. दोन आकड्यांत एका चांगल्या म्हशीच्या निम्म्या किमतीएवढे अंतर होते. घरधन्याने दोन्ही कागद मला दाखविले. मी विचारले, "वीजजोड घेताना परवानाधारकाची सही लागते, तिचे काय?" ते म्हणाले, "ती मिळते की, फादर. काम हाच पोरगा करणार, सही तेवढी दुसऱ्याची. तिचे थोडे पैसे द्यायचे." मी क्षणभर थांबलो आणि कमी आकड्याच्या कागदावर बोट ठेवले. मुलगा आपल्यातला होता, त्याला काम मिळावे असे मला वाटले. हे येथे लिहिल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

सही मिळाली. सही करणारा गृहस्थ त्या खोल्यांकडे एकदाही फिरकला नाही. तरीही तारजोडणी पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर "तपासणी केली" हे शब्द होते आणि त्यांखाली त्याचे नाव होते.

पुढच्या डिसेंबरात एका भाडेकरू विद्यार्थ्याने पहाटे पाणी तापविण्याची कांडी बादलीत सोडली. कांडी जुनी होती. पाणी तापले की नाही हे पाहण्यासाठी त्याने बटण बंद न करताच, ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून बोट घातले. सोबत्याने प्रसंगावधान राखून मुख्य बटण पाडले, म्हणून तो वाचला. हाताला इजा झाली, वर्षाची परीक्षा हुकली. त्याची आई दवाखान्यात माझ्याशी काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते, असे मला तेव्हा वाटले.

नंतर एका जाणत्या माणसाने तो सॉकेट उघडला. तीन छिद्रांपैकी वरच्या मोठ्या छिद्रामागे तारच नव्हती. आपल्या घरांत हे किती आढळते! तीन पायांचा प्लग दिसतो, तीन छिद्रांचा सॉकेट दिसतो, आणि आपण निश्चिंत होतो. तो वरचा जाड पाय इतर दोघांपेक्षा मुद्दाम लांब केलेला असतो, यासाठी की प्लग लावताना जमिनीशी जोड आधी व्हावा आणि काढताना शेवटी सुटावा. इस्त्रीच्या किंवा कांडीच्या धातूच्या भागात वीज उतरली, तर तिला माणसाच्या अंगाऐवजी जमिनीची वाट मिळावी, एवढेच त्याचे काम. त्यामागे तार नसेल तर तो पाय केवळ शोभेचा.

"पण फ्यूज होता ना?" असे घरधन्यांनी विचारले. हा समज फार खोलवर रुजलेला आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. फ्यूज तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. 5 अँपियरचा फ्यूज त्याहून जास्त प्रवाह वाहू लागला तरच वितळतो. 5 अँपियर म्हणजे 5000 मिलिअँपियर. आणि माणसाच्या छातीतून 100 मिलिअँपियरच्या आसपासचा प्रवाह क्षणभर गेला तरी हृदय बंद पडू शकते. माणूस मरेल, फ्यूज तसाच राहील. यासाठी गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे निराळे बटण मिळते. घरासाठी ते 30 मिलिअँपियरचे घ्यावे. गळती तेवढी होताच ते सेकंदाच्या अंशात पडते. त्यावर तपासणीचे एक लहान बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

आता कायद्याकडे वळू. 1956 साली बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि त्याच वर्षी देशभरासाठी भारतीय विद्युत नियम आले. त्यांत सांगितले होते की घरातील तारजोडणीचे काम राज्य सरकारने परवाना दिलेल्या ठेकेदारानेच करावे, ते पात्रतेचा दाखला असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावे, आणि हात लावणाऱ्या वायरमनपाशीही परवाना असावा. 2003 च्या विद्युत कायद्यानंतर नियम 2010 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये नव्याने लिहिले गेले. हे तत्त्व मात्र टिकून आहे. दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलणे यासाठी परवाना लागत नाही. नवी तार ओढणे, नवा पॉइंट काढणे यासाठी लागतो. हद्दीवर राहणाऱ्या आपणांस आणखी एक ध्यानात ठेवावे लागते. काम ज्या राज्यात, त्या राज्याच्या शासनाने दिलेला अथवा मान्य केलेला परवाना हवा. कोल्हापूरचा मेहुणा कितीही कुशल असला तरी निपाणीत त्याच्या परवान्याची चौकशी करावी लागेल, आणि निपाणीच्या माणसाची अर्जुननगरात.

परवानाधारकाचा आकडा मोठा का असतो? त्याला दाखला असलेली माणसे पदरी ठेवावी लागतात, परवान्याचे नूतनीकरण करावे लागते, आणि उपकरणे बाळगावी लागतात. त्यांतील मेगर नावाच्या उपकरणाने 500 व्होल्टचा दाब देऊन तारेवरील आवरण तपासतात. रोध किमान 1 मेगओहम भरावा असा दंडक आहे. दुसऱ्या उपकरणाने जमिनीचा जोड मोजतात. त्या दोन खोल्यांत हे करावयास अर्धा तासही लागला नसता, आणि वरच्या छिद्रामागची उणीव तेव्हाच उघडी पडली असती. म्हणजे घरधन्यांनी सहीचे पैसे दिले, पण ज्यासाठी सही असते ती वस्तू त्यांना मिळालीच नाही. त्या अर्थी स्वस्त अंदाजपत्रकातील सर्वांत महाग बाब तीच होती.

काटकसर करावयाची तर तिला जागा पुष्कळ आहे. नक्षीची बटणे नकोत, दर कोपऱ्यात दिवा नको. मात्र दिव्यांना 1.5 चौरस मिलिमीटरची तार आणि पाणी तापविण्याच्या पॉइंटला निदान 2.5 ची, आयएसआय चिन्ह पाहून घेतलेली, यात हात आखडू नये. जमिनीतील नळी 2.5 मीटर खोल जावयास हवी. खड्डा अर्ध्यावर थांबविणारे थोडे नाहीत. पैसे सगळे आधी देऊ नयेत. शेवटचा हप्ता मेगरचा काटा आपल्या डोळ्यांदेखत फिरल्यावर द्यावा, आणि आकडे दाखल्यावर लिहून घ्यावेत.

त्या मुलाविषयी सांगावयाचे राहिले. त्याला दोष देणारे गावात पुष्कळ निघाले. वरच्या छिद्राला तार जोडावयाची राहून गेली हा त्याचा अपराध खराच. परंतु दिवसभर भिंती फोडणारा तो, आणि घरबसल्या सहीचे पैसे घेणारा दुसराच. हा हिशेब कोणी मांडला नाही. अशी मुले आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांतली काही आयटीआय अर्धवट सोडलेली, काही उस्तादाच्या हाताखाली शिकलेली. हा मुलगा रुसून पुण्याला जावयास निघाला होता. मी आणि घरधनी मिळून त्याला थांबविले. आता तो एका परवानाधारक ठेकेदाराकडे कामाला आहे आणि वायरमनच्या परवान्यासाठी कागदपत्रे जमवितो आहे.

त्या खोल्यांची तारजोडणी नव्याने झाली. खर्च दोन्ही अंदाजपत्रकांच्या बेरजेजवळ गेला. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि जमिनीचा जोड कमजोर होतो, हे ऐकल्यापासून घरधनी मार्च ते मे दर रविवारी त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततात. नळाला पाणी नसले तर विहिरीचे आणतात.