ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

आमच्या शेजारच्या वहिनींनी एका संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन दार वाजवले. त्यांची लेक तिसरीत, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. तिच्या डायरीत शाळेने शिक्का मारला होता, 'टर्म टू : आउटस्टँडिंग'. आउटस्टँडिंग म्हणजे अत्युत्कृष्ट, हे वहिनींना पक्के ठाऊक होते. टीव्हीवरच्या नाचगाण्याच्या स्पर्धांत परीक्षक हाच शब्द उच्चारतात आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली, शेजारीपाजारी पेढे वाटले आणि शनिवारी पालकसभेला जाताना बाईंसाठीही एक पुडा नेला.

बाईंनी पुडा घेतला नाही. त्यांनी डायरी पाहिली आणि वहिनींना ऑफिसात पाठवले. तिथे खिडकीपाशी पाचसहा आया उभ्या होत्या. त्यांच्यादेखत कारकुनाने सांगितले, "अहो मॅडम, दुसऱ्या सत्राची फी भरायची राहिली आहे. आउटस्टँडिंग म्हणजे थकबाकी!" मागे कोणीतरी फिस्सकन हसले. फीचे काय, ती दुसऱ्या दिवशी भरली गेली. पण परत येताना रिक्षात लेक म्हणाली, "आई, पुढच्या वेळी बाबांनाच पाठव." ते वाक्य वहिनींच्या मनाला फार लागले.

वाचकहो, आता तुम्हीच सांगा, वहिनींना इंग्रजी येत नव्हते का? त्यांना शब्द येत होता, त्याचा अर्थही बरोबर येत होता. फक्त त्या शिक्क्यात त्या शब्दाचा दुसरा अर्थ होता. 'आउट' म्हणजे बाहेर, 'स्टँडिंग' म्हणजे उभे. जे चारचौघांतून पुढे उभे राहिलेले दिसते ते उत्कृष्ट. आणि जे पैसे वसूल न होता अजून बाहेरच उभे आहेत ती थकबाकी. चित्र एकच, अर्थ दोन!

अवघड शब्द फसवत नाहीत

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत अनेक वाचक विचारतात, 'इंग्रजीतले मोठमोठे शब्द कसे पाठ करावेत?' आमचे उत्तर असे, की मोठ्या शब्दांची भीती बाळगू नका. सात-आठ अक्षरांचा अगडबंब शब्द समोर आला, की तो आपल्याला येत नाही हे आपल्याला लगेच कळते. मग आपण कोश उघडतो, मोबाइलवर शोधतो, कोणाला तरी विचारतो. फसगत होते ती ओळखीच्या, छोट्या शब्दांची. तो आपल्याला येतो अशी खात्री असते, म्हणून आपण कोणाला विचारतच नाही.

त्यात आपली आणखी एक गंमत आहे. शेकडो इंग्रजी शब्द मराठी घरात कायमचे राहायला आले आहेत, पण बहुतेक जण एकच अर्थ घेऊन आले. 'चेंज' म्हणजे आपल्याला बदल, पण दुकानदाराला सुटे पैसे. 'हॉटेल' म्हटले की आपल्याला मिसळ आणि चहा आठवतो, इंग्रजीत मात्र ती मुक्कामाची जागा. 'इश्यू' म्हणजे वादाचा मुद्दा, मासिकाचा अंकही इश्यूच आणि जुन्या सरकारी फॉर्मांवर 'इश्यू' म्हणजे चक्क अपत्य! आपल्या एका अर्थावर विसंबून कागद वाचला, की वहिनींसारखी गत होते.

दवाखाना आणि बँक

शाळेत फार तर हसू होईल. काही ठिकाणी मात्र जपायला हवे.

दवाखान्यात 'पॉझिटिव्ह' हा शब्द सर्वांत आधी समजून घ्यावा. एरवी 'पॉझिटिव्ह विचार करा' म्हणजे चांगला विचार करा. तपासणीच्या कागदावर मात्र 'पॉझिटिव्ह' म्हणजे ज्याचा शोध घेतला ते सापडले. ते रोगाचे लक्षण असेल तर बातमी चांगली नव्हे. उलट सोनोग्राफीच्या अहवालात 'अनरिमार्केबल' असे लिहिले असेल तर मन खट्टू करून घेऊ नका. नोंद करण्याजोगे वावगे काही दिसले नाही, असा त्याचा अर्थ. पोट तपासून डॉक्टरांनी 'टेंडर' लिहिले, तर ते कोमल नव्हे आणि सरकारी निविदाही नव्हे. दाबल्यावर तिथे दुखते, असे त्यांना म्हणायचे असते. औषधाच्या ट्यूबवरचे 'अप्लाय' म्हणजे अर्ज करणे नव्हे, तर वरून लावणे. आणि 'डिस्चार्ज' म्हणजे घरी जायची परवानगी हे खरे, पण जखमेतून येणारा स्रावही डिस्चार्जच.

रक्त तपासायला 'फास्टिंग' या, असे सांगितले तर लगबगीने नव्हे, उपाशीपोटी जायचे असते. या 'फास्ट'ची कुळकथा मोठी छान आहे. त्याचा जुना अर्थ घट्ट, पक्का. म्हणून न जाणारा रंग तो 'फास्ट कलर' आणि गाढ झोपलेला माणूस 'फास्ट अस्लीप'. नेम घट्ट धरून राहायचे म्हणून उपवासही 'फास्ट'. जलद हा अर्थ नंतर आला.

बँकेतही तेच. 'इंटरेस्ट' म्हणजे आवड, तसेच व्याज. 'प्रिन्सिपल' शाळेत मुख्याध्यापक, कर्जाच्या कागदावर मुद्दल. 'सिक्युरिटी' सोसायटीच्या फाटकावर पहारा देते, पण कर्जाच्या करारात ती तुमचे तारण असते. तो कागद वाचताना पहारेकरी डोळ्यांसमोर आणून भागणार नाही. सही करण्याआधी ओळखीच्या शब्दापाशीही बोट ठेवून विचारावे, "इथे याचा अर्थ काय?" यात कमीपणा काहीच नाही.

एका शब्दाला इतके अर्थ कशाला?

तुम्ही म्हणाल, प्रत्येक अर्थाला वेगळा शब्द केला असता तर काय बिघडले असते? पण कोणतीच भाषा तशी वाढत नाही. जुना शब्द नव्या कामाला जुंपणे सोपे असते. 'बोर्ड'चेच पाहा. मूळ अर्थ लाकडी फळी. फळीचे टेबल झाले. त्या टेबलाभोवती बसून निर्णय घेणारे लोक म्हणजे संचालकांचे 'बोर्ड'. त्याच टेबलावर वाढलेले जेवण म्हणजेही 'बोर्ड', म्हणून जेवणाखाण्यासह राहण्याची सोय ती 'बोर्डिंग'. जहाजाच्या कडेलाही 'बोर्ड' म्हणत. त्यावरून जहाजात चढणे, पुढे रेल्वेत आणि विमानात चढणे हेही 'बोर्ड' करणे झाले.

कधीकधी मात्र दोन परके शब्द योगायोगाने एकाच रूपात येतात. क्रिकेटची 'मॅच' आणि काडेपेटीतली 'मॅच' यांचे काही नाते नाही. पहिली जोडीदार या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दातून आली, दुसरी दिव्याची वात या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दातून.

सर्वांत जास्त अर्थ कोणत्या शब्दाला? ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली २० खंडांत निघाली. तेव्हा हा मान 'सेट' या क्रियापदाकडे होता, चारशेहून अधिक अर्थ! पुढे कोशाची नवी दुरुस्ती सुरू झाली आणि 'रन'ने 'सेट'ला मागे टाकले. २०११ च्या सुमारास 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेल्याचे जाहीर झाले. घाबरू नका, हे सगळे इंग्रजांनाही पाठ नसतात.

'रन' म्हणजे धावणे हे आपण पहिल्या इयत्तेत शिकतो. पण 'द टॅप इज रनिंग' म्हणजे नळ वाहतो आहे. 'शी रन्स अ मेस' म्हणजे ती खानावळ चालवते. 'द फिल्म रॅन फॉर फिफ्टी वीक्स' म्हणजे चित्रपट पन्नास आठवडे चालला. 'द कलर रन्स' म्हणजे कपड्याचा रंग जातो. या सगळ्यांत समान काय? न थांबता पुढे जात राहणे. हा गाभा ध्यानात आला, की अर्थ पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप उलगडतात. आणि गंमत पाहा, इंग्रजी जिथे धावते तिथे मराठी बहुधा चालते. दुकान चालते, यंत्र चालते, नाटक चालते. इतकेच काय, चहा हवा का म्हणून विचारले तर आपण 'चालेल' म्हणतो!

हे आपल्याला आधीच येते

आता आपल्या 'लागणे'कडे वळू. भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, नोकरी लागते. झाडाला कैऱ्या लागतात, घराला आग लागते, थिएटरात सिनेमा लागतो. 'ते तुमचे कोण लागतात?' असे आपण नाते विचारतो. गाडी लागते ती कोणाला, हे घाटात कळते. यातला एकही अर्थ आपण पाठ केला नाही. मग आले कसे? शब्द सोबत्यासह कानावर पडला म्हणून. 'लागणे' एकटे कधी शिकलोच नाही. 'भूक लागणे' शिकलो, 'वेळ लागणे' शिकलो.

इंग्रजीसाठी हीच युक्ती वापरा. वहीत 'टेक म्हणजे घेणे' असे लिहू नका. 'टेक मेडिसिन' औषध घेणे, 'टेक अ फोटो' फोटो काढणे, 'टेक टाइम' वेळ लागणे, अशी जोडीने नोंद करा. शब्दाचा अर्थ बहुधा त्याचा शेजारी सांगतो.

दुसरी गोष्ट, सगळ्या अर्थांमागे लागू नका. मायकल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ १९२० च्या दशकात ढाक्याला होते. बंगाली मुले इंग्रजी कशी शिकतात, याचा त्यांनी तिथे अभ्यास केला. १९५३ साली त्यांची सुमारे २,००० नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रत्येक शब्दाचा कोणता अर्थ किती प्रमाणात वापरला जातो, हेही दिले होते. त्यातून एक गोष्ट ध्यानात येते. शब्दाला अर्थ कितीही असोत, रोजच्या वापरात थोडेच असतात. तेवढे तीन-चार आधी पक्के करावेत. बाकीचे भेटतील तेव्हा पाहू.

तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट. ओळखीचा शब्द वाक्यात नीट बसत नसेल, तर 'मला इंग्रजी येत नाही' असे म्हणून कागद बाजूला ठेवू नका. 'याचा दुसरा अर्थ असणार' असे म्हणा आणि कोश उघडा. पहिला अर्थ वाचून कोश मिटू नका. मोबाइलवर पाहत असाल तर एकटा शब्द न टाकता पूर्ण वाक्य टाका.

या आठवड्याचा अभ्यास

खालील वाक्यांत एकही अवघड शब्द नाही. अर्थ सांगा पाहू.

१. द मिल्क हॅज टर्न्ड.
२. द पोलीस बुक्ड द ड्रायव्हर.
३. धिस टिकेट इज गुड फॉर थ्री डेज.
४. प्लीज कीप द चेंज.
५. शी इज एक्स्पेक्टिंग.

वहिनींचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिलेच. परवा त्यांच्याकडे गेलो होतो. लेक मोठ्याने टीव्ही लावून बसली होती. वहिनी म्हणाल्या, "अगं, हळू कर. आजीचा डोळा लागलाय." पोर दचकून उठली. "कुठे लागला? रक्त आलं का?" आम्ही दोघे हसू लागलो. तिला मात्र हसू येईना, तिचे डोळे भरून आले. वहिनींनी तिला जवळ घेतले. "रडू नको, राणी. डोळा लागला म्हणजे झोप लागली. तू ओळखीचा शब्द ऐकलास आणि त्याचा तुला येणारा अर्थ घेतलास. माझं त्या शाळेत झालं होतं ना, तसंच." पोरीने क्षणभर आईकडे पाहिले आणि विचारले, "आई, पुढच्या मीटिंगला तू येशील?"

वहिनी गेल्या. फीच्या पावतीवर 'बॅलन्स' असे लिहिले होते. त्यांनी खिडकीत बोट ठेवून सगळ्यांसमोर विचारले, "हा बॅलन्स म्हणजे आमचे शिल्लक की आम्ही देणे?" मागे उभ्या असलेल्या दोघीतिघींनीही मग आपापल्या पावत्या उघडल्या.

उत्तरे : १. दूध नासले आहे. २. पोलिसांनी ड्रायव्हरवर गुन्हा नोंदवला. ३. हे तिकीट तीन दिवस चालेल. ४. उरलेले सुटे पैसे तुम्हालाच राहू द्या. ५. तिला दिवस गेले आहेत. (आणि 'ते दिवस गेले' यातले दिवस वेगळे, हे मराठी माणसाला सांगायला नकोच!)