विश्वस्त कोणासाठी?

मागच्या रविवारी पनवेलला दादांकडे आम्ही सगळे जमलो होतो. जे आले नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दादा ऐंशीच्या पुढे गेले. गावची जमीन सिडकोच्या संपादनात गेली, तिचे पैसे आणि साडेबारा टक्के योजनेतला भूखंड एवढी पुंजी आहे. धाकटा मुलगा बाळू बौद्धिक दिव्यांग. वय पंचेचाळीस, समज सात-आठ वर्षांची. आपल्या माघारी त्याचं काय, म्हणून दादांना त्याच्यासाठी ट्रस्ट करायचा आहे. फार चांगलं. पण विश्वस्त कोण, यावर जी दोन तास चर्चा झाली ती ऐकून मला रात्री झोप लागली नाही. तिथे तोंड उघडलं नाही, ही माझी चूक. म्हणून इथे लिहिते. राग आला तर फोन करा.

नावं तीन निघाली. अमेरिकेत स्थायिक झालेला पुतण्या, बँकेतून निवृत्त झालेले व्याही, आणि गावातलं एक बडं प्रस्थ. तिघांबद्दल प्रश्न एकच, "माणूस पैशाला स्वच्छ आहे ना?" आहेत हो, तिघेही स्वच्छ आहेत! पण फटाके वाजले की बाळू पलंगाखाली जाऊन बसतो आणि त्याला तिथून कसं बाहेर काढायचं, हे तिघांपैकी एकाला तरी ठाऊक आहे का?

शाळेत मी वर्षानुवर्षं लोकमान्य शिकवले. ताईमहाराज प्रकरण आलं की दोन वाक्यांत उरकायचे. आता वाटतं, मुलांना तेच नीट सांगायला हवं होतं. ऑगस्ट १८९७. टिळक राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटलेले. मित्र बाबामहाराज मरणशय्येवर. त्यांच्या आग्रहाखातर टिळकांनी इस्टेटीची जबाबदारी पत्करली. सोबत दादासाहेब खापर्डे वगैरे मंडळी. इस्टेट कर्जात होती, म्हणून काटकसर आली, आणि ती बाबामहाराजांच्या पत्नीला, ताईमहाराजांना जाचू लागली. वयानं अगदी पोरगी, त्यात विधवा. जून १९०१ मध्ये औरंगाबादला जगन्नाथाचं दत्तकविधान झालं. दोनच महिन्यांत ताईमहाराजांनी कोल्हापूरच्या बाळामहाराजांना दत्तक घेतलं, आणि कोर्टकचेरी सुरू झाली. टिळकांवर खोट्या साक्षीचा आरोप आला, शिक्षा झाली, ती १९०४ मध्ये हायकोर्टात रद्द झाली. पुढे मंडालेचा तुरुंगवास. १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं निकाल दिला, टिळक जिंकले. मित्राला दिलेला शब्द इतकी वर्षं पदरमोड करून पाळणारा माणूस आज दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही.

पण ताईमहाराज १९०३ मध्येच वारल्या होत्या. निकाल लागला तेव्हा त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती.

मी टिळकांना दोष देत नाही, त्यांनी मृत्युपत्रातला शब्द राखला. (आमच्या पुण्याच्या काकू हे वाचून माझ्याशी बोलणं टाकतील, असो.) मी एवढंच म्हणते की इस्टेट राखणं आणि त्या घरातलं माणूस राखणं ही दोन वेगळी कामं आहेत. टिळकांच्या तोलाचा माणूस मिळूनही पहिल्या कामात दुसरं आपोआप झालं नाही. मग आपल्या व्याह्यांचं काय सांगावं! ते रविवारी म्हणाले, "एखाद्या संस्थेत ठेवलं तर खर्च निम्म्यावर येईल." अहो, खर्च करायचा म्हणूनच तर ट्रस्ट करायचा आहे ना?

मी काही वकील नाही, मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई. तरी खासगी ट्रस्टचा १८८२ चा कायदा वकिलाकडून समजून घेतला. विश्वस्त म्हणून कोण योग्य नाही, याची त्यात यादीच आहे. परदेशात कायम वास्तव्य असलेला माणूस, दिवाळखोर, आणि ज्याचं हित लाभार्थीच्या हिताच्या आड येतं असा माणूस. आता दादांचा मसुदा वाचा. बाळूनंतर जे उरेल ते पुतण्याला. आणि विश्वस्तही पुतण्याच! म्हणजे बाळूच्या औषधावर, कपड्यावर वाचलेला प्रत्येक रुपया त्याच्याच खिशात जायचा. पोरगा सालस आहे, मी त्याला लहानपणी पाढे शिकवलेत. पण सालस माणसाला अशा जागी बसवूच नये.

त्याच यादीत, लाभार्थीचा व्यक्तिगत कायदा वेगळं सांगत नसेल तर, विवाहित स्त्रीसुद्धा आहे. वाचून हसू आलं, मग संताप. १८८२ च्या साहेबाचं एक सोडा, रविवारी आपण काय केलं? लग्न होऊनही चार घरं पलीकडे राहणारी, वीस वर्षं बाळूचं सगळं करणारी दादांची लेक चहा करत होती, आणि तिचं नाव कुणी घेतलंच नाही!

माझं म्हणणं, ती एक विश्वस्त हवी. हिशेबासाठी व्याही असू देत. पैसे हाताळायचे तिथे निदान दोघं असावेत असं तोच कायदा सांगतो. खर्च आधी बाळूच्या गरजेवर, शिल्लक नंतर, हे करारात स्पष्ट लिहा. शिवाय १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या समितीकडून पालक नेमून घेता येतो. त्याला दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, आणि हेळसांड झाली तर काढता येतं. हे दादांनी आपल्या हयातीतच करून घ्यावं.

पुढच्या महिन्यात परत बसायचं ठरलंय. तोवर ज्यांची नावं निघाली आहेत त्यांनी एक संध्याकाळ बाळूला वडाळे तलावावर फिरवून आणावं. साडेपाचला तो चपला घालून दारात उभा असतो.